शोधणाऱ्याच्या हातात काय राहतं?

गेल्या महिन्यात आमच्या गावातल्या एका काकांकडे गेलो होतो. वय ऐंशीच्या घरात. आयुष्यभर दगड बघण्यात गेलेला माणूस. त्यांनी पलंगाखालची लोखंडी पेटी ओढायला लावली. वर जुन्या साडीत बांधलेली फाइल आणि खाली नावं लिहिलेल्या कापडी पिशव्यांत काळे, जडशीळ दगड. मँगनीज.

"नेऊन टाक गा हे कुठं तरी," काका म्हणाले. "माह्या पोरांले याचं काही काम नाही."

फाइल उघडली. २००६ साली मँगनीजसाठी केलेला पूर्वेक्षण परवान्याचा अर्ज. आपल्याकडे बोलताना सगळे त्याला 'पीएल' म्हणतात. खाण काढायची परवानगी नव्हे, नुसतं शोधायची. खड्डे घ्यायचे, नमुने काढायचे, खाली काय आहे आणि किती आहे ते पाहायचं. नियमात तेव्हा अशा अर्जाचा निकाल नऊ महिन्यांत लागावा असं लिहिलेलं होतं. काकांच्या फाइलला नऊ वर्षं लागली. शेवटचा कागद २०१५ चा. त्यात एवढंच, की कायदा बदलल्यामुळे तुमचा अर्ज आता अपात्र ठरला आहे.

मी पत्रकार आहे, भूगर्भशास्त्रज्ञ नाही. पण घरी आल्यावर ती फाइल डोक्यातून जाईना. आपल्या भागात जमिनीखाली काय काय आहे याच्या गप्पा आपण चहाच्या टपरीवरसुद्धा मारतो. ते शोधायचा हक्क कुणाला, आणि शोधलं तर शोधणाऱ्याला काय मिळतं, हे मात्र कुणी बोलत नाही. म्हणून हा लांबलचक लेख. वेळ असेल तर वाचा. गोष्ट चांदा जिल्ह्यातूनच सुरू होते.

लोहाऱ्याची टेकडी

१८८२ साल. नागपुरात एम्प्रेस मिल सुरू होऊन पाच वर्षं झाली होती. मिलचे मालक जमशेटजी टाटा तेव्हा ४३ वर्षांचे. त्यांच्या हातात एक अहवाल पडला. रिटर फॉन श्वार्ट्झ नावाच्या जर्मन तज्ज्ञाने मध्य प्रांतातल्या चांदा जिल्ह्यातल्या लोखंडावर लिहिलेला. म्हणजे आजचा आपला चंद्रपूर. त्यात म्हटलं होतं की लोहारा इथलं लोहखनिज उत्तम आहे आणि वरोऱ्याचा कोळसा जवळच आहे. लोखंड आणि कोळसा एकाच जिल्ह्यात असल्यावर कारखानदाराला आणखी काय पाहिजे?

जमशेटजींनी वरोऱ्याचा कोळसा जर्मनीत तपासायला नेला. तो पोलादासाठी कामाचा नाही असं निघालं. दुसरी अडचण सरकारी होती. खाणीच्या अटी इतक्या जाचक होत्या की त्यांनी प्रकल्प बाजूला ठेवला. सगळा दोष नियमांवर टाकणार नाही, कारण कोळसाही आडवा आलाच. पण कोळसा दुसरीकडून आणता येतो, दुसरी टेकडी शोधता येते. शोधायलाच भाव नसेल तर माणूस पुढचा खड्डा घेत नाही.

ही गोष्ट पुढे सतरा वर्षं पडून राहिली. या काळात जमशेटजी खनिजांविषयीची वर्तमानपत्रातली कात्रणं जमवत राहिले. १८९९ मध्ये मेजर माहोन यांचा भारतातल्या लोखंड-पोलाद उद्योगाबद्दल अहवाल आला आणि त्याच सुमारास लॉर्ड कर्झनच्या सरकारने शोधाचे नियम सैल केले. लगेच टाटा पुन्हा कामाला लागले. लोहारा तीच, माणूस तोच, दगडही तेच. बदलला तो फक्त नियम.

अजब बंगल्यातला नकाशा

नागपूरच्या लोकांनी अभिमानाने सांगावी अशी गोष्ट इथे येते. सी. एम. वेल्ड हा अमेरिकन भूगर्भतज्ज्ञ चांद्याला आला. जमशेटजींचे चिरंजीव दोराबजी सोबत होते. उन्हातान्हात, बैलगाडीने, जंगलातून फिरले. निष्कर्ष असा निघाला की लोहाऱ्याचं खनिज चांगलं आहे, पण मोठा कारखाना चालेल एवढं नाही.

दोराबजी हे सांगायला नागपूरला सचिवालयात गेले. साहेब जागेवर नव्हते. वेळ काढायला म्हणून ते समोरच्या संग्रहालयात शिरले. म्हणजे आपला अजब बंगला. तिथे त्यांना एक रंगवलेला भूगर्भीय नकाशा दिसला. दुर्ग जिल्ह्याचा भाग लोखंडाच्या खुणेच्या रंगाने भरलेला. तो भाग डल्ली-राजहऱ्याच्या डोंगरांचा होता. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या पी. एन. बोस यांनी त्याची नोंद १८८० च्या दशकातच करून ठेवली होती.

वेल्ड आणि जमशेटजींचे भाचे शापूरजी सकलातवाला तिकडे गेले. (हेच सकलातवाला पुढे ब्रिटिश संसदेत कम्युनिस्ट खासदार झाले. इतिहास कुठून कुठे जातो बघा.) खनिज अफाट होतं, पण कोळसा आणि पाण्याची सोय जमेना. तेवढ्यात २४ फेब्रुवारी १९०४ ला त्याच पी. एन. बोस यांचं पत्र आलं. हाताखालच्या इंग्रजाला डोक्यावर बसवलं म्हणून बोस सर्वेक्षणातून बाहेर पडले होते आणि मयूरभंज संस्थानात कामाला लागले होते. त्यांनी कळवलं की इथे गोरुमहिसानीला उत्तम लोखंड आहे आणि झरियाचा कोळसाही फार लांब नाही. त्याच वर्षी मे महिन्यात जमशेटजी गेले. १९०७ मध्ये कंपनी उभी राहिली, १९१२ मध्ये जमशेदपूरला पोलाद निघालं. आणि ज्या राजहऱ्यावर टाटांनी पाणी सोडलं, त्याच डोंगराच्या जोरावर १९५९ मध्ये भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली.

ही गोष्ट इतकी सविस्तर सांगायचं कारण आहे. परवाना चांद्याचा, नकाशा नागपूरचा, डोंगर दुर्गचा आणि कारखाना शेवटी सिंगभूममध्ये. शोध असाच चालतो. इथे खणायला गेलं की तिथलं सापडतं. बहुतेक ठिकाणी काहीच सापडत नाही. सरकारने आपल्या भूगर्भतज्ज्ञाचा नकाशा भिंतीवर लावून ठेवला होता आणि कुणीही तो पाहू शकत होतं, एवढ्या एका गोष्टीने दोन पोलाद कारखान्यांची दिशा ठरली.

पण पहिला शोध कुणाचा?

इथे थांबून एक कडू गोष्ट सांगायला हवी. श्वार्ट्झने लोहारा 'शोधलं' असं आपण म्हणतो. अरे, गावाचं नावच लोहारा! जर्मन माणूस यायच्या कितीतरी आधीपासून तिथे लोखंड गाळलं जात होतं. मध्य प्रांतात अगरिया आणि त्यांच्यासारखे समाज मातीच्या छोट्या भट्टीत, पायाने भाता चालवून लोखंड काढत. कोणत्या डोंगराचा दगड जड, कोणता फुसका, हे त्यांना पिढ्यान्पिढ्या माहीत होतं.

त्यांना काय मिळालं? भट्टीवर कर लागला. १८७८ च्या वन कायद्यानंतर जंगल राखीव होत गेलं आणि भट्टीसाठी लागणारा लाकडी कोळसा मिळणं अवघड झालं. विलायती लोखंड स्वस्त झालं. भट्ट्या विझल्या. पहिल्या शोधणाऱ्याची नोंद कुठल्याच परवान्यात नाही. काकांच्या पेटीची हळहळ करताना ही पेटी नसलेली माणसं विसरायची नाहीत.

मँगनीजचे दिवस

नियम सैल झाल्याचा फायदा आपल्या भागाला मिळालाच. नागपूर, भंडारा, बालाघाट या पट्ट्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मँगनीजच्या खाणी भराभर उघडल्या. मनसर, कांद्री, चिखला, डोंगरी बुजुर्ग ही नावं तेव्हापासूनची. आजची सरकारी 'मॉइल' कंपनी आपली सुरुवात १८९६ च्या 'सेंट्रल प्रॉव्हिन्स प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट'पासून सांगते. नावातच प्रॉस्पेक्टिंग, म्हणजे शोध! तिचंच पुढे सीपीएमओ झालं आणि १९६२ मध्ये सरकारी भागीदारीची मॉइल. आमचे काका त्याच खाणींच्या सावलीत वाढलेले. त्यांचे वडील खाणीवर मुकादम होते.

स्वतंत्र भारताचा कायदा

स्वातंत्र्यानंतर लगेच, १ मार्च १९४८ ला, भारतीय खाण ब्युरो स्थापन झाला. त्याचं मुख्यालय आज नागपुरात आहे. १९७२ मध्ये खनिज शोधासाठी 'एमईसीएल' ही सरकारी कंपनी निघाली, तीही नागपुरातच. राज्याचं भूविज्ञान व खनिकर्म संचालनालयही नागपूरचंच. थोडक्यात, देशातल्या दगडांचा कागद कधी ना कधी नागपुरातून जातोच.

मुख्य कायदा १९५७ चा. त्याचा साधा अर्थ असा होता: पूर्वेक्षण परवाना घेऊन तुम्ही शोध घेतला, अटी पाळल्या आणि खनिज सापडलं, तर त्या जागेचा खाणपट्टा मिळण्यात तुम्हाला प्राधान्य. आणि एकाच जागेसाठी अनेक अर्ज असतील तर आधी अर्ज करणाऱ्याला पहिला मान.

कागदावर न्याय होता. प्रत्यक्षात काय व्हायचं? लोखंड, मँगनीज, चुनखडी, बॉक्साइट, सोनं, तांबं अशा मोठ्या खनिजांना राज्याने परवाना द्यायचा, पण आधी दिल्लीची मान्यता घ्यायची. जमीन वनात असेल तर वनखात्याचं वेगळं. म्हणजे अर्ज जिल्ह्यात, तिथून नागपूर, तिथून मुंबई, तिथून दिल्ली. दिल्लीने एक प्रश्न काढला की त्याच वाटेने परत. शिवाय १९५६ च्या औद्योगिक धोरणाने महत्त्वाची खनिजं बहुतांशी सरकारी कंपन्यांसाठी राखलेली. १९९३ च्या खनिज धोरणाने १३ खनिजं खाजगी लोकांना उघडी झाली.

१९९९ मध्ये एक गंमत झाली. कायद्याचं नाव होतं 'खाणी व खनिजे (नियमन आणि विकास) अधिनियम'. ते उलटं करून '(विकास आणि नियमन)' केलं. शब्दांची अदलाबदल! त्याच वेळी मोठ्या क्षेत्रावर प्राथमिक पाहणीसाठी नवा परवाना आला. विमानातून सर्वेक्षण करणाऱ्या परदेशी कंपन्या आल्या. लोकांना वाटलं, आता दिवस बदलले.

काकांनाही तसंच वाटलं. निवृत्तीचे पैसे हातात होते. गावाजवळच्या एका पडीक माळावर काळा दगड वर आलेला त्यांनी लहानपणापासून पाहिलेला. २००६ मध्ये अर्ज टाकला. पुढची नऊ वर्षं मी स्वतः पाहिली आहेत, कारण तेव्हा मी बातमीसाठी त्या कार्यालयाच्या चकरा मारायचो आणि काका बाहेरच्या बाकावर बसलेले दिसायचे. कधी नकाशा जुन्या मोजमापाचा म्हणून परत. कधी सातबाऱ्यावर गट नंबर जुळत नाही म्हणून. एकदा चक्क फाइलच सापडेना. चार महिन्यांनी सापडली ती दुसऱ्याच्या फाइलच्या पोटात. कुणी पैसे मागितले का, असं मी विचारलं होतं. काका म्हणाले, "मागितले असते तं बरं झालं असतं. कुठं अडली हे तरी समजलं असतं."

गोव्याने दुसरं टोक पाहिलं

आता कुणी म्हणेल, मग शोधणाऱ्याला देऊन टाका ना सगळं! त्याचंही उत्तर आपल्या शेजारीच आहे.

गोव्यात पोर्तुगीजांचा १९०६ चा खाण कायदा होता. ज्याला खनिज सापडलं त्याने नोंद करायची आणि पुढे सरकारकडून 'कन्सेशन' मिळवायचं. हे कन्सेशन मुदतीचं नव्हतं, अटी पाळल्या तर कायमचं! १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, तरी हे हक्क तसेच चालत राहिले. १९८७ मध्ये संसदेने कायदा करून त्यांचं खाणपट्ट्यात रूपांतर केलं, तेही २० डिसेंबर १९६१ पासून मागे जाऊन. मग खटले.

दरम्यान चीनच्या मागणीने लोहखनिजाचे भाव आकाशाला भिडले. डिचोली, साखळी, सांगे, केपेच्या रस्त्यांवर ट्रकच ट्रक. शहा आयोगाचा अहवाल आला आणि सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की या पट्ट्यांची नूतनीकरणासह मुदत २२ नोव्हेंबर २००७ लाच संपली आहे. म्हणजे त्यानंतरची पाच वर्षं सगळं बिनपट्ट्याचं! राज्य सरकारने घाईने ८८ पट्ट्यांचं पुन्हा नूतनीकरण केलं. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने तेही रद्द केलं. ट्रकवाले, बार्जवाले, गॅरेजवाले सगळे बसले. डिसेंबर २०२२ पासून तिथे लिलाव सुरू झाले.

एकदा सापडलं म्हणून पिढ्यान्पिढ्या मालकी, हे गोव्याचं टोक. नऊ वर्षं शोधायचीही परवानगी नाही, हे आमचं.

२०१५: एका दगडात सगळे पक्षी

कोळसा घोटाळा आठवतोय ना? २४ सप्टेंबर २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने २१८ पैकी २१४ कोळसा खाणपट्टे रद्द केले. छाननी समिती बसवून, पारदर्शकता न ठेवता वाटले म्हणून. लोकांचा संताप योग्य होता. जो कोळसा जमिनीखाली आहे हे सरकारलाच माहीत, किती आहे तेही माहीत, तो फुकटात ओळखीच्याला का द्यायचा? लिलाव करा. बरोबर.

१२ जानेवारी २०१५ ला वटहुकूम निघाला. आता इतर मोठ्या खनिजांनाही फक्त लिलाव. 'आधी येईल त्याला आधी' बंद. प्रलंबित अर्ज सगळे अपात्र. काकांचा त्यातच गेला. ज्यांना आधीच परवाना मिळालेला आणि ज्यांनी शोधाचं काम केलेलं, त्यांचा हक्क मात्र कायद्याने राखून ठेवला.

इथेच माझ्या मते मूळ चूक झाली आणि ती साधी आहे. सापडलेलं वाटणं आणि न सापडलेलं शोधणं, ही दोन वेगळी कामं आहेत. बाजार समितीत तुरीचा लिलाव होतो, कारण तूर समोर ढिगात पडलेली असते. मूठभर उचलून बघता येते. पण पेरणीच्या आधी, पाऊस येईल की नाही माहीत नसताना, त्या तुरीचा लिलाव कोण लावेल? आणि 'पेर तू, पिकलं तर लिलाव करू, ज्याची बोली जास्त तो नेईल' असं म्हटलं तर पेरेल कोण?

२०१५ च्या कायद्यात शोधासाठी एक परवाना ठेवला होता. त्याची अट अशी, की तुम्ही तुमच्या पैशाने शोधा, पण सापडलं तर त्यावर तुमचा काहीही दावा नाही. खाजगी माणूस फिरकला नाही यात नवल काय? मग शोधाचं काम पुन्हा सरकारी संस्थांवरच आलं. त्यासाठी खाणवाल्यांकडून स्वामित्वधनाच्या दोन टक्के घेऊन राष्ट्रीय खनिज शोध न्यास काढला. निधी चांगला आहे, कामही झालं. पण अजब बंगल्यात वेळ घालवायला शिरणारा दोराबजी काही निविदेतून येत नाही.

दिलेला शब्द

मार्च २०२१ मध्ये कायदा पुन्हा बदलला. २०१५ ला ज्यांचा हक्क राखून ठेवला होता, त्यांची प्रलंबित प्रकरणंही बंद केली. सरकारचं म्हणणं, ही पाचशेहून जास्त प्रकरणं जागा अडवून बसली आहेत, ती मोकळी करून लिलाव करू. शोधावर केलेला खर्च परत देण्याची तरतूद ठेवली.

सरकारची बाजूही समजून घेऊ. या यादीत खरे शोधणारे होते तसे नुसते कागद धरून बसलेलेही होते. जमिनी अडवून, पुढे परवाना विकून कमवायचं, हा धंदा आपल्या भागाला नवा नाही. पण त्यांना वेगळं काढायला काम तपासावं लागलं असतं. कुणी किती बोअर मारले, किती नमुने तपासले, अहवाल दिला की नाही. ते कष्ट न घेता सरसकट सगळे बाद. आणि खर्च परत म्हणजे काय? दहा ठिकाणी हात जाळून अकराव्या ठिकाणी सापडतं. परत मिळतो तो अकराव्याचा खर्च.

कर कमी असो, जास्त असो, धंदेवाला हिशोब करतो. २०१५ चा शब्द २०२१ ला फिरतो, हे कळल्यावर हिशोब करायला काही उरतच नाही.

२०२३: अर्धी चूक दुरुस्त

लिथियमची टंचाई सुरू झाली तेव्हा सरकारलाही हे जाणवलं असावं. ऑगस्ट २०२३ च्या दुरुस्तीने २९ खनिजांसाठी नवा शोध परवाना आला. लिथियम, तांबं, सोनं, हिरे, दुर्मीळ मृदा, म्हणजे खोल दडलेली आणि शोधायला महाग अशी. एक हजार चौरस किलोमीटरपर्यंत क्षेत्र, पाच वर्षं मुदत, आणखी दोन वाढवता येतात. तीन वर्षांनी पाव भागच ठेवायचा, बाकीचा सोडायचा. जागा अडवून बसणाऱ्यांवर हा चांगला उपाय आहे.

सापडलं तर? खाण शोधणाऱ्याला नाही मिळणार. लिलाव होईल आणि लिलावातून राज्याला जे अधिमूल्य मिळेल त्यातला ठरलेला हिस्सा शोधणाऱ्याला. तो हिस्सा किती, यासाठी उलटी बोली: जो कमी हिस्सा मागेल त्याला परवाना. अशा पहिल्या १३ क्षेत्रांचा लिलाव मार्च २०२५ मध्ये गोव्यातूनच जाहीर झाला.

गाडी योग्य रस्त्यावर आली, हे मान्य करायला हवं. निदान 'शोधणाऱ्याला काहीतरी मिळालं पाहिजे' हे तत्त्व कायद्यात परत आलं. पण शोधणाऱ्याचे पैसे पुढच्या लिलावावर अवलंबून आहेत, आणि लिलाव फसतातही. नोव्हेंबर २०२३ मध्ये महत्त्वाच्या खनिजांचे २० पट्टे लिलावात आले, त्यातल्या १३ पट्ट्यांची प्रक्रिया पुरेशा बोलीअभावी रद्द करावी लागली. ज्या रियासीच्या लिथियमवर टीव्हीवाले रात्रभर नाचले होते, ते त्यातच. का? कारण ५९ लाख टन हा आकडा प्राथमिक अंदाजाचा होता. ढीग समोर नव्हता. परत तीच तुरीची गोष्ट.

आणि आणखी एक. उलट्या बोलीत मोठी कंपनी टिकेल. आमच्या काकांसारखा, बारा हेक्टर माळ पायाखालून माहीत असलेला माणूस या रचनेत कुठेच नाही. त्याच्यासाठी दारच नाही.

आणि गाव?

एवढं लिहून झाल्यावर माझ्या एका गडचिरोलीच्या मित्राला वाचायला दिलं. तो म्हणाला, "तुझ्या काकाला नऊ वर्षांनी कागद तरी आला. आमच्या गावात बोअरची गाडी आली तेव्हा कळलं की शोध चालू आहे."

त्याचं खरं आहे. १९९६ च्या पेसा कायद्यात अनुसूचित भागात पूर्वेक्षण परवान्याआधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस हवी असं आहे. पण ते गौण खनिजांसाठी! म्हणजे मुरूम, गिट्टी शोधायची तर गावाला विचारा, आणि लोखंडाचा अख्खा डोंगर शोधायचा तर त्या कलमाने विचारायची गरज नाही. कॅनडात ब्रिटिश कोलंबियामध्ये पूर्वी घरबसल्या ऑनलाइन खनिजाचा दावा नोंदवता यायचा. २०२३ मध्ये तिथल्या न्यायालयाने सांगितलं की मूळनिवासींशी आधी सल्लामसलत करणं सरकारचं कर्तव्य आहे, आणि मार्च २०२५ पासून तशी पद्धत सुरू झाली. तिथले शोधणारे आता उशीर होतो म्हणून कुरकुर करतात. करू देत. पण उशीर कशासाठी होतोय हे त्यांना माहीत आहे.

उशिराचा राग येत नाही, बिनकारणाच्या उशिराचा येतो. गावाला विचारायला सहा महिने लागले तर ते काम आहे. फाइल दुसऱ्याच्या फाइलच्या पोटात चार महिने पडली तर त्याला नियमन म्हणत नाहीत.

मला काय वाटतं

मी तज्ज्ञ नाही, पण फायलीच्या त्या बाकावर बसलेली माणसं वीस वर्षं पाहिली आहेत. त्यावरून तीन गोष्टी.

एक, ज्याचा साठा सिद्ध झाला आहे त्याचा लिलाव करा, जोरात करा. त्यात ओळखपाळख नको. पण शोधाचा कायदा वेगळा ठेवा. आणि त्यात छोट्या माणसासाठी, छोट्या क्षेत्रासाठी एक खिडकी ठेवा. काम केलं नाही तर परवाना काढून घ्या, पण काम बघून काढा.

दोन, शोध सुरू व्हायच्या आधी गावाला सांगा आणि सापडल्यावर गावाचा वाटा किती ते आधीच लिहून द्या. लोहाऱ्याच्या भट्टीवाल्यांवर जे झालं ते पुन्हा नको.

तीन, जो शब्द कायद्यात दिला तो निदान त्या परवान्याच्या मुदतीपर्यंत पाळा. नवा नियम नव्या अर्जाला लावा. १८८२ ते १८९९ आपण सतरा वर्षं घालवली. २०१५ पासून पुन्हा दहा घालवली.

काकांची पेटी मी घरी आणली आहे. परवा एका भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांना ते दगड दाखवले. त्यांनी भिंगाने पाहिले, एक हातात तोलला आणि म्हणाले, "माल वाईट नाही. पण खाली किती आहे ते बोअर घेतल्याशिवाय कोण सांगणार?"

तेच तर काका २००६ मध्ये विचारत होते.

तुमच्या घरात, ओळखीत अशी एखादी फाइल पडली असेल तर जरूर लिहा. नाव नका देऊ, गाव नका देऊ. फक्त अर्जाचं वर्ष आणि शेवटच्या कागदाचं वर्ष, एवढंच लिहा. बघू तरी, बाकावर किती जण बसले होते.